पेलेट मशीन अडलं की आधी डाय उघडू नका: या चुका टाळा

ससे, गिनीपिग, पक्षी यांच्या खाद्याच्या गोळ्या, म्हणजे पेलेट, करणाऱ्या रिंग डाय मशीनवर माझी बरीच वर्षं गेली. डाय म्हणजे भोकं पाडलेलं जाड कडं. आतले रोलर दळलेला माल त्या भोकांतून दाबून बाहेर काढतात. मशीन अडलं की नवा ऑपरेटर पहिला पाना लावतो तो रोलरच्या बोल्टला. हे बघून बघून आता खरंच जीव कंटाळलाय. माल डायमध्ये अडतो, पण बिघाड बहुतेक वेळा तिच्या मागे असतो: वाफेत, दळणात, नाहीतर माल पुढे सोडणाऱ्या फीडरमध्ये.

एका कारखान्यात डाय रोज तीन-चार वेळा चोक व्हायची म्हणून मला बोलावलं. तिथल्या माणसांनी रोलर बदलले होते, मग रोलर आणि डायमधला गॅप कमी करत करत रोलर थेट डायला टेकवून ठेवले होते. डायची आतली बाजू आरशासारखी चकाकत होती आणि भोकांची तोंडं ठोकली जाऊन निम्मी बुजली होती. मी मशीन चालू करायला सांगून अँपिअर मीटरसमोर उभा राहिलो. दहा मिनिटं काटा स्थिर, मग थरथरायला लागला. डायच्या आधी मालात वाफ मिसळते त्या कंडिशनरच्या तोंडाशी नमुना काढायची झडप होती, तिथून पळीभर माल घेतला. मुठीत दाबला तर चिखलासारखा तळहाताला चिकटला. पाच मिनिटांपूर्वीचा नमुना मात्र ठीक होता. मूठ उघडल्यावर गोळा टिकत होता आणि अंगठ्याने दाबला की फुटत होता. म्हणजे पाणी सतत येत नव्हतं, मध्येच लोट येत होता.

वाफेच्या पाइपावरून मागे मागे गेलो. पाइप तापलेला आणि स्टीम ट्रॅप, म्हणजे पाइपातलं पाणी बाहेर सोडणारी झडप, गार! ट्रॅप बंद अवस्थेतच अडकला होता. पाइपात साचलेलं पाणी बाहेर न पडता अधूनमधून वाफेबरोबर कंडिशनरमध्ये फेकलं जात होतं. ओल्या मालावर रोलर घसरतो, फिरायचा थांबतो, त्याच्यासमोर मालाचा थर साचतो आणि डाय चोक होते. ट्रॅप बदलला, चोक होणं थांबलं. डाय मात्र फुकट गेली, आणि तिचा त्यात काही दोष नव्हता.

तेव्हापासून मी एक हिशेब आधी करतो. कोरड्या वाफेने मालाचं तापमान साधारण ११ ते १२ अंश वाढलं की ओलावा १ टक्क्याने वाढतो. माल ३० अंशांवर १२ टक्के ओलाव्याने आत गेला आणि ८० अंशांवर बाहेर आला, तर ओलावा १६ टक्क्यांच्या आसपास हवा. १८ दिसला तर वाफेबरोबर पाणी येतंय. हे तपासायला पाना लागत नाही, थर्मामीटर आणि मॉइश्चर मीटर पुरतात.

रोलरचा गॅप मी सगळ्यात शेवटी बघतो. मेन स्विच बंद, त्याला कुलूप, किल्ली माझ्या खिशात, मगच दार उघडायचं. ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणत कुलूप न लावणाऱ्याबरोबर मी काम करत नाही. डाय हाताने फिरवली की रोलर कुठे फिरावा, कुठे थांबावा. फीलर गेजवर, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांवर, ०.१ ते ०.३ मिलीमीटर. याहून घट्ट केल्याने उत्पादन वाढत नाही, डाय झिजते.

दुसरी चूक माझ्या मनाला याहून जास्त लागते: काम संपलं की बटण दाबून घरी जाणं. भोकांत राहिलेला माल रात्रीत दगड होतो. सकाळी मशीन सुरूच होत नाही, आणि घाईत कुणीतरी हातड्रिल आणतो. ड्रिलने भोकाची गुळगुळीत भिंत ओरखडली जाते. मग एका भोकातून पेलेट सरसर येते, शेजारच्यातून येतच नाही, आणि पुढे सहा महिने ‘पेलेट कमी-जास्त का येते’ याचा शोध चालतो. बंद करण्याआधी तेलात कालवलेला कोंडा सोडा, सगळ्या भोकांतून तो बाहेर पडताना दिसू द्या, मग थांबवा. जेमतेम पाच मिनिटं लागतात.

पेलेटचा चुरा अचानक वाढला तर माल दळणाऱ्या हॅमर मिलची चाळणी काढून उजेडासमोर धरा. फाटलेल्या एका कोपऱ्यातूनही जाड भरड पुढे जाते. पेलेट वाकडी आणि एका अंगाला तडकलेली असेल तर पेलेट कापणारी सुरी बोथट आहे किंवा डायपासून लांब गेली आहे. पेलेट मऊ पडते? मिक्सरमध्ये तेल किती घातलं ते विचारा. जास्तीचं तेल पेलेट झाल्यावर वरून फवारायचं असतं. मालातलं लोखंड पकडणारं चुंबक दर पाळीला पुसा. रोलरच्या बेअरिंगला ग्रीस ठरल्या वेळीच द्या, आवाज येण्याची वाट बघू नका.

पेलेट गार करणाऱ्या कूलरमधून आलेली पेलेट वरून गार लागते म्हणून लगेच पोत्यात भरू नका. मी चार-पाच मोडून आतला भाग ओठांच्या वरच्या कातडीला लावतो. तिथे ऊब लागली तर कूलरमधला पेलेटचा थर आणि हवा बघायची. तशीच भरली तर पोत्याच्या आत घाम सुटतो आणि बुरशी धरते.