नवा पाइप तंबाखू घेताना: आधी वास, मग वाळवण, मग काडी

ज्याने आजवर पाइप ओढला नाही त्याच्यासाठी हा लेख नाही. त्याने सुरूच करू नये. धूर छातीत घेत नाहीत म्हणून पाइप निरुपद्रवी, हा गैरसमज आहे. निकोटिन तोंडातूनही अंगात जातं आणि ओठ-जिभेच्या कर्करोगाचा धोका राहतोच. जे आधीपासून ओढतात त्यांनी नवा डबा घेताना पैसे वाया घालवू नयेत, एवढ्यापुरतं हे लिहितोय.

मी जातो ते दुकान छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात, गुलमंडीकडच्या गल्लीत आहे. पुढे जर्दा, किवाम. मागच्या फळीवर पाइप तंबाखूचे चार-सहा डबे. तिथे गेल्यावर ‘चांगला कोणता?’ असं विचारू नका. सध्या काय ओढता आणि त्यात काय खटकतं ते सांगा. जीभ भाजते? गोडवा नकोसा होतो? म्हातारे चाचा त्यावरूनच हात कुठे घालायचा ते ठरवतात. उघडा डबा असला तर नाकाशी धरा, बाजूला करा, थोडं थांबून पुन्हा धरा. मी घाई केली की ते म्हणतात, ‘मियां, जल्दी कायकू?’

डब्याच्या दर्शनी भागाचा ८५ टक्के हिस्सा इशाऱ्याचा असतो, त्यामुळे पानांची नावं उरलेल्या जागेत शोधावी लागतात. पण तीच महत्त्वाची. व्हर्जिनियात साखर जास्त, म्हणून गोडसर आणि तापट. भराभर ओढला की जीभ सोलून निघते. बर्लीत साखर कमी, चव शेंगदाण्याच्या जवळची. लताकिया हे नाव सीरियातल्या बंदरावरून पडलं. पान लाकडाच्या धुरात धुरवतात, म्हणून डबा उघडताच विझत्या शेकोटीचा वास येतो. पेरिक अमेरिकेतल्या लुईझियानाचा, पिंपात दाबून आंबवलेला, मिरीसारखा झणका देणारा. कॅव्हेंडिश हे पान नाही, वाफवून-दाबून गोडसर करण्याची पद्धत आहे. व्हॅनिला, चेरी लिहिलेले सुगंधित डबे बहुधा त्यातले. त्यांचा वास शेजाऱ्याला जितका आवडतो तितकी चव ओढणाऱ्याला लागत नाही, हे माझं मत.

सर्वांत लहान डबा घ्या, बहुतेकदा ५० ग्रॅमचा. ओढणारे दोन मित्र असतील तर वाटून घ्या.

आता खरी गोष्ट: ओल. आपल्याकडे नवा तंबाखू नावडण्याचं निम्मं कारण हेच असतं. डब्यातला तंबाखू बऱ्याचदा ओढायला हवा त्यापेक्षा ओला असतो. ओला पेटत नाही, पेटला तर वाफेने तोंड पोळतं आणि नळीत पाणी साचतं. म्हणून एका वेळेपुरता कागदावर पसरा. चिमटीत दाबून सोडला की गोळा तसाच राहिला तर ओला, चुरा झाला तर कोरडा, हळूहळू उलगडला तर बरोबर. परदेशी लेखांत लिहिलेली वेळ मराठवाड्यात धरू नका. पावसाळ्यात तासभर लागेल. मे महिन्यात पंख्याखाली विसरलात तर चहा होईपर्यंत भुगा. असा सुकलेला तंबाखू वाडग्यात घालून वर ओलसर फडकं बांधा, तंबाखूला न टेकता, तासाभराने बघा. बटाट्याची फोड टाकण्याचा जुना उपाय करू नका, बुरशी येते.

चव बघायला मक्याच्या कणसाचा स्वस्त पाइप उत्तम. ब्रायर नावाच्या लाकडाच्या नेहमीच्या पाइपात आधीच्या तंबाखूचा वास मुरलेला असतो, विशेषतः लताकियाचा. तो लवकर जात नाही.

भरताना तळाशी सैल, वर जरा घट्ट. न पेटवता ओढून बघा: उसाचा रस नळीने ओढताना लागतो तेवढाच जोर लागावा. काडीचा गंधक जळून जाऊ द्या, मग वरचा थर गोल फिरवत पेटवा. तो फुगून वर येईल. हलकेच दाबा आणि पुन्हा पेटवा. पुढे घुटके घेतल्यासारखं सावकाश. पाइप हातात धरवेना इतका तापला की खाली ठेवा. विझला तर विझू द्या.

आणि वेळ. नान-खलिया किंवा ठेच्याचं जेवण झाल्यावर कोणत्याही तंबाखूचा निवाडा करू नका, पान खाऊन तर नाहीच. मी कोरा चहा घेऊन संध्याकाळी गच्चीवर बसतो, घरात पोरंबाळं असतात म्हणून. सार्वजनिक ठिकाणी तर २ ऑक्टोबर २००८ पासून धूम्रपानाला बंदीच आहे.

एका वेळेत मत बनवू नका. तीन वेगवेगळ्या दिवशी ओढा, मध्ये पाइपला एक दिवस विश्रांती द्या आणि दर वेळी दोन ओळी लिहून ठेवा: ओल किती होती, जीभ भाजली का, शेवटी चव बदलली का. माझ्या वहीत एका डब्यापुढे पहिल्या दिवशी ‘गवत’ आणि तिसऱ्या दिवशी ‘मनुका’ लिहिलेलं आहे. मधल्या काळात फक्त तंबाखू नीट वाळला होता.

उरलेला घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरा. लोणच्याची बरणी कितीही घासली तरी घेऊ नका, मी एकदा घेतली होती. वर तारीख लिहा आणि अंधारात ठेवा. नावडलेला व्हर्जिनिया वर्ष-दोन वर्षांनी पुन्हा उघडून बघण्यासारखा असतो. सुगंधित मात्र ठेवून सुधारत नाही. तो ज्याला आवडतो त्याला लगेच देऊन टाका.