निघताना ‘आय ॲम कमिंग’ म्हणू नका: ‘गो’ वापरताना या चुका टाळा

घरातून बाहेर पडताना नुसतं ‘जातो’ म्हटलं की आजी टोकते, ‘येतो म्हणावं रे.’ ही सवय जिभेवर इतकी पक्की बसते, की सातपूर-अंबडच्या एखाद्या कंपनीत मुलाखत देऊन उठतानाही तोंडून ‘ओके सर, आय ॲम कमिंग’ निघून जातं. इंग्रजीत त्याचा अर्थ ‘तुमच्याकडे यायला निघालोय’ असा होतो. तिथे ‘थँक यू सर, गुडबाय’ पुरे. घरी सांगायचं तर ‘आय ॲम गोइंग नाऊ’. मात्र द्वारका सर्कलला अडकलात आणि मित्र फोनवर वाट बघतोय, तर ‘आय ॲम कमिंग’च बरोबर, कारण तुम्ही ऐकणाऱ्याच्या दिशेने निघालायत.

खरा घोळ ‘गॉन’ आणि ‘बीन’चा. आपण सहज म्हणतो, ‘त्र्यंबकेश्वरला मी दोनदा गेलोय.’ म्हणून ‘आय हॅव गॉन टू त्र्यंबकेश्वर ट्वाइस’. पण ‘हॅव गॉन’ म्हणजे गेलेला माणूस अजून परतलेला नाही, आणि तुम्ही तर समोर उभे आहात! इथे ‘आय हॅव बीन’ हवं. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला गेलेले काका अजून तिकडेच असतील, तर ‘ही हॅज गॉन टू मुंबई’. मनात ‘जाऊन आलो’ घालून बघा. बसलं तर ‘बीन’. आणि ‘काल’ आला की दोन्ही बाजूला ठेवा: ‘आय वेन्ट यस्टर्डे’.

हे ‘वेन्ट’ मुळात ‘गो’चं नव्हेच. ते ‘वेन्ड’ या दुसऱ्याच क्रियापदाचं भूतकाळी रूप. आपल्याकडेही तसंच आहे: ‘जातो’ संस्कृत ‘याति’वरून, ‘गेला’ ‘गत’वरून. मला ही जोडी फार आवडते, कारण ‘गो’ला ‘-एड’ लावून ‘गोएड’ असं रूप का होत नाही हे मुलांना ‘जाला’ म्हणून दाखवलं की चटकन कळतं. ‘आय डिड नॉट वेन्ट’ मात्र अजिबात नको. ‘डिड’मध्येच भूतकाळ आला, पुढे ‘गो’च.

‘टू’साठी मात्र मराठीच्या ‘ला’वर विसंबू नका. ‘मेन रोडला जातो’ म्हणजे ‘गो टू मेन रोड’, आणि ‘शाळेत जातो’ यात ‘ला’ नसूनही ‘गो टू स्कूल’. ‘घरी जातो’ म्हणजे मात्र नुसतं ‘गो होम’. ‘खरेदीला जातो’ यात ‘ला’ असूनही ‘टू’ नाही, हे पाठच करा: ‘गो शॉपिंग’.

लाइट गेली? ‘द पॉवर वेन्ट आउट’. त्यात फ्रीजमधलं दूध नासलं, तर ‘द मिल्क हॅज गॉन बॅड’.