स्तनाच्या गाठीचा कॉन्ट्रास्ट एमआरआय: पहिली दोन मिनिटं सांभाळा

कर्करोगाच्या गाठीत नव्या, गळक्या रक्तवाहिन्या दाट असतात. त्यामुळे गॅडोलिनियम, म्हणजे शिरेतून दिलेलं कॉन्ट्रास्टचं औषध, तिथे झटकन शिरतं आणि बहुतेकदा झटकन बाहेरही पडतं. तपासणीची सगळी मदार या वेगावर आहे.

पाळी अजून बंद झालेली नसेल तर पाळी सुरू झाल्यापासून ७ ते १४ या दिवसांतली तारीख द्या, एरवी निरोगी भागही उजळतो. कर्करोगाचं निदान आधीच झालेलं असेल तर मात्र तेवढ्यासाठी थांबू नका. ईजीएफआर (मूत्रपिंड किती काम करतं ते सांगणारा रक्ततपासणीतला आकडा) ३० च्या खाली असेल किंवा गरोदरपणाची शंका असेल, तर रेडिओलॉजिस्टला विचारल्याशिवाय औषध भरायचं नाही.

खरगोन-बडवानीहून इंदूरला येणाऱ्या बायका पहाटेपासून उपाशी असतात. त्याची गरज नसते. पाणी पिऊन या, असं फोनवरच सांगा. शीर लवकर सापडते.

नेहमीचा डोस किलोमागे ०.१ मिलिमोल. अर्ध्या मोलरचं (मिलीमागे ०.५ मिलिमोल) औषध असेल तर ६० किलोला १२ मिली. गॅडोब्युट्रॉल हे गॅडोलिनियमचंच एक औषध दुप्पट तीव्र, त्याचं ६ मिलीच. बाटलीवरची तीव्रता वाचूनच सिरिंज भरा. वेग सेकंदाला २ मिली, मागून २० मिली सलाईन. सलाईन विसरलात तर औषध नळीतच अडकतं आणि वेळेनुसार उजळपणा दाखवणारा आलेख खोटा येतो.

पालथं झोपवल्यावर स्तन कॉइलमध्ये (सिग्नल टिपणाऱ्या साच्यात) मोकळे लोंबायला हवेत. दाबले गेले तर रक्तप्रवाह घटतो. औषध गार लागतं, बाई दचकते आणि सब्ट्रॅक्शन (नंतरच्या चित्रातून आधीचं वजा करणं) तिथेच बिघडतं. म्हणून आधीच सांगा, "मावशी, आता हातात गार वाटेल, पण हलू नका." हिंदी बोलणाऱ्या बाईला हिंदीत सांगा.

इंजेक्शनपूर्वी फॅट दाबलेला टी-१ स्कॅन (चरबीचा उजळपणा घालवलेली चित्रं) एकदा, नंतर तोच दर ६० ते ९० सेकंदांनी, पाच-सहा मिनिटं. मध्ये प्रीस्कॅन (मशीनची स्कॅनआधीची जुळणी) पुन्हा होऊ देऊ नका; गेन, म्हणजे सिग्नल वाढवण्याचं प्रमाण, बदलला की आकडे जुळत नाहीत.

आलेखासाठी सर्वांत उजळ भागात छोटा आरओआय (मोजण्यासाठी आखलेला भाग) ठेवा; मृत भाग आणि रक्तवाहिनी टाळा. पहिल्या दोन मिनिटांत उजळपणा १०० टक्क्यांहून जास्त वाढला तर वेग जलद. पुढे १० टक्क्यांहून जास्त उतरला तर वॉशआउट, म्हणजे संशय दाट. पण काखेतल्या निरोगी लसिकाग्रंथीही असंच दाखवतात. उलट आलेख चढताच राहिला म्हणून निर्धास्त होऊ नका. कडा वेड्यावाकड्या असतील किंवा कडेलाच कडं उजळत असेल, तर बायोप्सी लागतेच.

सब्ट्रॅक्शनमध्ये उजळ दिसलं की मूळ चित्रं उघडून पाहा: हालचालीनेही उजळ किनार उमटते.