अमेरिकेत बायको-नवऱ्याचं ग्रीन कार्ड करताय? आधी आय-864 चा हिशोब नीट करा

लग्न झालंय, बायको किंवा नवरा अजून भारतात आहे आणि तुम्ही अमेरिकन सिटिझन नाहीतर ग्रीन कार्डवाले आहात, तर स्पॉन्सर म्हणून आय-864 फॉर्म, म्हणजे येणाऱ्या माणसाचा खर्च भागवायची हमी, भरावाच लागतो, आणि माझ्या पाहण्यात सगळ्यात जास्त घोळ यातच होतात.

तुमचं वर्षाचं उत्पन्न पॉव्हर्टी गाइडलाइनच्या (अमेरिकन सरकारनं ठरवलेली गरिबीची रेषा) निदान 125 टक्के हवं. 2025 च्या तक्त्यात येणारा माणूस धरून घरच्या 2 माणसांना 26,437 डॉलर, 3 ना 33,312, 4 ना 40,187, अलास्का आणि हवाईला याहून जास्त. तक्ता दरवर्षी बदलतो, त्यामुळे यूएससीआयएसच्या (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) साइटवर आय-864पी नावाचा हा तक्ता असतो तो ताजाच बघा.

खरी गोची माणसं मोजताना होते. माझंच सांगतो, मी आणि बायको असे 2 धरले आणि निवांत बसलो, पण आईचं ग्रीन कार्ड मीच स्पॉन्सर केलं होतं, तो जुना आय-864 अजून चालू, म्हणजे माणसं झाली 3! पगार 31,000, कमी पडले 2,312. त्या रात्री झोप नाही लागली.

पण मार्ग असतो. सिटिझन आपल्या जोडीदाराला स्पॉन्सर करत असेल तर जेवढे कमी पडतात त्याच्या 3 पट मालमत्ता दाखवली की चालतं (ग्रीन कार्डवाल्याला 5 पट). माझे झाले 6,936 डॉलर, आणि बायकोच्या नावावर सांगलीच्या बँकेत एफडी होती तीच दाखवली, कारण येणाऱ्या माणसाची मालमत्ताही धरतात, फक्त ती वर्षाच्या आत मोडून पैसे हातात आले पाहिजेत. तिचा तिथला पगार मात्र धरू नका, नोकरी सोडूनच ती इकडे येणार ना.

एफडीपण नसेल तर जॉइंट स्पॉन्सर, म्हणजे अमेरिकेत राहणारा दुसरा सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला, नात्यातलाच हवा असं नाही, पण त्याचं उत्पन्न त्याच्या घरची माणसं अधिक तुमची बायको एवढ्यांना एकट्याच्या जोरावर पुरलं पाहिजे.

कागद म्हणाल तर आयआरएसचं (अमेरिकेचं टॅक्स खातं) मागच्या वर्षाचं टॅक्स ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे भरलेल्या रिटर्नचा उतारा, 6 महिन्यांच्या पे स्लिप आणि कंपनीचं लेटर. नोकरी नुकतीच बदलली असेल आणि मागच्या वर्षी कमी कमावलं असेल तरी घाबरू नका, मुख्य बघतात ते सध्याचं उत्पन्न, पण मग पे स्लिप आणि लेटर पक्कं हवं. मुंबईच्या कॉन्सुलेटमध्ये इंटरव्ह्यूला जाताना बायकोकडे या सगळ्याचा एक सेट द्याच.

आणि जॉइंट स्पॉन्सरला सही करायच्या आधी स्पष्ट सांगा, ही जबाबदारी घटस्फोट झाला तरी सुटत नाही, येणारा माणूस सिटिझन होईपर्यंत किंवा त्याच्या नावावर कामाचे 40 क्वार्टर (तिमाह्या) जमेपर्यंत, म्हणजे साधारण 10 वर्षं, ती चालू राहते. माझ्या एका मित्राला हे सही केल्यावर कळलं, फार वाईट वाटलं त्याला.