लॅबचा हिरा घ्यावा का खाणीतला? पैसे देण्याआधी या चुका टाळा

दिवाळीनंतर कापसाचे चुकारे हातात पडले की आमच्या तालुक्याच्या सराफा लाइनीत साक्षगंधाच्या अंगठ्यांची गर्दी सुरू होते. आमचं घर पिढीजात सोनारकामाचं, मी स्वतः १४ वर्षांपासून काउंटरवर बसतो, आणि गेल्या तीन-चार वर्षांत एकच प्रश्न रोज येऊन राहिला, "भाऊ, हा हिरा असली हाये का लॅबचा?"

पहिली चूक इथंच होते. लॅबचा हिराबी असलीच असतो. तोच कार्बन, तोच कडकपणा, तीच चमक. खाणीतला हिरा जमिनीच्या दीडशे-एक किलोमीटर खाली तयार व्हायला अब्जावधी वर्षांपूर्वी सुरुवात झाली, आणि लॅबचा सुरतच्या मशीनमध्ये मिथेन वायूतून थरावर थर चढत काही आठवड्यांत तयार होतो, फरक एवढाच. नकली म्हणायचं ते अमेरिकन डायमंडला, तो झिरकोनिया, त्याचा हिऱ्याशी काही संबंध नाही. लोक लॅबचा हिरा आणि अमेरिकन डायमंड एकाच पिशवीत टाकतात, मग कोणी लॅबच्या हिऱ्याला नाक मुरडतं तर कोणी झिरकोनियाला लॅबचा समजून पैसे मोजून येतं.

हिऱ्याला सोनं समजू नका

सगळ्यात महाग पडणारी चूक ही, आणि ही दोन्ही हिऱ्यांना लागू आहे.

मागच्या मृगाच्या आधी जवळच्या खेड्यातले एक काकाजी मुलाच्या लग्नातली अंगठी घेऊन आले. बी-बियाणं, खत घ्यायचं होतं, बँकेत गेले होते, बँकेनं जे सांगितलं त्यावर त्यांचा विश्वासच बसत नव्हता. मी काट्यावर अंगठी ठेवली, ३.४२० ग्रॅम. त्यात हिरा ४० सेंटचा, म्हणजे ०.०८० ग्रॅम, तो वजा. उरलं ३.३४० ग्रॅम, तेही १८ कॅरेट, म्हणजे त्यात शुद्ध सोनं अडीच ग्रॅम. काकाजी म्हणे, "अन् हिऱ्याचे?" हिऱ्याचे शून्य. सोनेतारण करताना बँक खड्याचं वजन कापते, हिरा खाणीतला असो की लॅबचा, त्याच्यावर कर्ज मिळत नाही. त्यांनी घेताना सगळ्यात जास्त पैसा हिऱ्यातच घातला होता आणि दुकानात कोणी त्यांना हे सांगितलं नव्हतं. पाच मिनिटं ते अंगठी हातात धरून नुसते बसले होते, मला अजून दिसतात ते.

आपल्याकडे बाईच्या गळ्यातली पोत नुसती हौस नसते, पेरणीच्या टायमाला तीच उभी राहते. म्हणून लॅबचा का खाणीतला हे ठरवायच्या आधी घरात बसून एक गोष्ट ठरवा, हा पैसा पुन्हा लागणार आहे का? लागणार असेल तर तेवढ्याचं सोनं घ्या. हिऱ्यात तेवढाच पैसा टाका जो हौसेसाठी सोडून दिला आहे.

"लॅबचा स्वस्तात घेऊन ठेवतो, पुढं भाव वाढंल" असं म्हणणारे पण येतात. नाही वाढत, उलट पडून राहिला. डी बिअर्स ही हिऱ्यातली जुनी बडी कंपनी, तिनं २०१८ मध्ये लाइटबॉक्स नावानं लॅबचे हिरे काढले तेव्हा कॅरेटला ८०० डॉलर लावले, २०२४ मध्ये साधा माल ५०० वर आणला आणि २०२५ मध्ये तो धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. मशीन वाढल्या, माल वाढला, की भाव पडणारच, आपल्या सोयाबीनचं वेगळं काय होतं? खाणीतल्याला मोडीत थोडंफार तरी येतं, पण घडणावळ गेली, ३ टक्के जीएसटी गेला, दुकानदार आपली घट कापतो, त्यामुळं घेतलेल्या भावात तो परत जाईल हे डोक्यातून काढा.

माझं मत विचाराल तर साक्षगंधाच्या अंगठीला, बजेट बांधलेलं असताना, छोटा लॅबचा हिरा १८ कॅरेट सोन्यात घ्या आणि वाचलेल्या पैशाचं २२ कॅरेटचं काहीतरी करा. खाणीतला त्यानंच घ्यावा ज्याला त्याची मनापासून ओढ आहे. ती ओढ मला समजते, आपल्या गडचिरोलीतल्या वैरागडला एकेकाळी हिऱ्याची खाण होती, अकबराच्या काळातल्या नोंदीत ती सापडते, त्यामुळं जमिनीतून निघालेल्या खड्याचं अप्रूप वाटणं काही परकं नाही.

पेन वाजला म्हणजे झालं, असं नाही

दुकानदार पेनासारखं टेस्टर हिऱ्याला लावतो, पीं वाजतं, गिऱ्हाईक खूश. ते पेन फक्त उष्णता किती लवकर वाहून जाते ते पाहतं. लॅबचा हिरा हिराच असल्यामुळं त्यालाही वाजतं. मॉइसनाइट नावाचा खडा येतो, तो हिरा नाही, पण जुन्या पेनावर तोही पास होतो, त्याला वीज तपासणारं टेस्टर लागतं. फुंकर मारून वाफ पाहणं, काच खरवडणं, पेपरवर ठेवून अक्षर वाचणं, यातून लॅबचा का खाणीतला हे कधीच कळत नाही. मलाही नुसत्या डोळ्यानं कळत नाही, आणि जो सोनार छातीठोकपणे सांगतो त्याच्यापासून जपून राहा. ते हिरे तपासणाऱ्या मोठ्या लॅबच्या मशीनवरच कळतं.

म्हणून कागद पाहिजे. जीआयए किंवा आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्थांचा रिपोर्ट मागा, त्यावरचा नंबर त्यांच्या वेबसाइटवर मोबाइलमध्येच टाकून बघा, आणि मग दुकानदाराला म्हणा, भिंगातून दाखवा. हिऱ्याच्या कमरेवर, म्हणजे वरचा आणि खालचा भाग जिथं मिळतो त्या पातळ कडेवर, लेझरनं तोच नंबर बहुतेक वेळा कोरलेला असतो. दहापट भिंगात अंगठी हळूहळू फिरवावी लागते, लायटीखाली एका कोनात तो नंबर करडा दिसतो, केसापेक्षा बारीक. लाज वाटू देऊ नका, अर्धा तास लागला तरी चालेल. बारीक खड्यांना असा वेगळा कागद बहुतेक नसतो, त्यामुळं हार-टॉप्समध्ये खाणीतल्याच्या नावानं लॅबचे मिसळायची भीती तिथंच जास्त, पूर्ण दागिन्याचा रिपोर्ट घ्या. जीआयएनं ऑक्टोबर २०२५ पासून लॅबच्या हिऱ्याला रंग-शुद्धतेची जुनी ग्रेड देणं बंद केलं, आता नुसतं प्रीमियम किंवा स्टँडर्ड लिहितात, त्यामुळं नवा कागद वेगळा दिसला तर घाबरू नका.

हॉलमार्कचा तर घोळच आहे. सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी नंबर सोन्याचा असतो, बीआयएस केअर ॲपवर टाकला की सोनं किती टंच ते कळतं, हिऱ्याबद्दल तो काहीच सांगत नाही. तसंच कॅरेटचं. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता, हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन, एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. "१८ कॅरेटचा हिरा" कोणी म्हटलं तर थांबवून विचारा.

घेऊन झाला असेल तर

बिलावर नुसतं "डायमंड रिंग" लिहिलं असेल तर आजच दुकानात जा आणि पक्क्या बिलावर चार गोष्टी लिहून घ्या: हिरा लॅबचा का नैसर्गिक, वजन किती सेंट, सोन्याचं निव्वळ वजन, आणि परत घेताना किती टक्के देणार. "घरचाच माणूस हाये, लिहायचं काय" असं म्हटलं तरी लिहूनच घ्या. टाळाटाळ झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, बिलाचा फोटो जवळ ठेवा.

चमक गेली म्हणून हिरा खोटा, असं समजून बऱ्याच बाया रडवेल्या होऊन येतात. हिऱ्याला तेल-तूप लगेच चिकटतं, बाकी काही नसतं. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, जुना मऊ ब्रश, खालच्या बाजूनं घासा. हिरा कडक आहे पण फुटत नाही असं नाही, एका दिशेनं जोराचा मार बसला तर चिरतो, म्हणून वावरात, निंदणाला, वेचणीला अंगठी काढून ठेवा.

आणि हिरा हलतो का ते घरीच पाहायचं असेल तर बोंडातला कापूस घ्या, सरकी काढलेला, आणि अंगठीवरून सगळीकडून हलक्या हातानं फिरवा. कुठं तंतू अडकून राहिला तर समजा तिथलं नख, म्हणजे हिरा धरून ठेवणारा आकडा, उचललं आहे. ती अंगठी बोटात घालू नका, डबीत ठेवा आणि सोनाराकडून दाबून घ्या.