जेवलं की झापड, उशीर झाला की चिडचिड? रक्तातली साखर अशी सांभाळा

सकाळी चहा-खारीवर बाहेर पडायचं, अकराला पोटात खड्डा आणि समोर येईल त्याच्यावर चिडचिड, दुपारी भात हाणला की तीनला डोळ्यांवर झापड. हे रोजचंच असेल तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका, साखर वरखाली होत असेल. खारी, पाव, भात यांचं पटकन ग्लुकोज होतं, ते वाढलं की स्वादुपिंड साखर उतरवणारं इन्सुलिन सोडतं, आणि काही जणांची साखर मग दोन-तीन तासांत बरीच उतरते, ती सावरायला शरीर ॲड्रेनॅलिन सोडतं, त्यानंच हात थरथरतात, धडधडतं, राग येतो.

आधी आठवडाभर लिहून काढा. काय खाल्लं, किती वाजता, दोन तासांनी कसं वाटलं, बास.

मग नाश्त्याकडं वळा. मिसळ सोडायची काही गरज नाही, मटकीत प्रोटीन आहे, फायबर आहे. गडबड होते ती ब्रेडनं. दोन स्लाइस संपल्या की आणखी दोन येतात, कट परत वाढला जातो, तो संपवायला परत ब्रेड, आणि वर गोड चहा! त्यापेक्षा मटकी जास्त मागा, फरसाण कमी, कांदा-लिंबू भरपूर, ब्रेड दोनच, आणि चहा बिनसाखरेचा.

जेवताना फक्त क्रम बदलून बघा: आधी कोशिंबीर, भाजी, उसळ, मग भाकरी, भात शेवटी आणि थोडा. मटणाचा बेत असला तरी हेच, पांढरा रस्सा वाटीनं प्या, फोडी खा, मग भाताला हात लावा. भाजी आणि प्रोटीन आधी पोटात गेलं की साखर हळू चढते.

जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, 10-15 मिनिटं चालायचं. चालताना पायाचे स्नायू रक्तातलं ग्लुकोज ओढून घेतात, म्हणून जेवणानंतरचं चालणं एवढं कामाला येतं. रंकाळा तलावावर गेलात तर उत्तमच, नाहीतर गल्लीत चार चकरा मारा.

आता गुळाचं. कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक ओळखीचं, मानांकन आहे, त्याचा मलाही अभिमान आहे, पण साखर बंद केली आणि गुळाचा चहा सुरू केला यानं शुगर कमी होत नाही हो, गूळ म्हणजे बहुतेक साखरच. उसाचा रसही तसाच. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे प्रेमानं समजावून सांगा, कारण तेच जास्त फसतात.

झोप कमी झाली तरी दुसऱ्या दिवशी इन्सुलिनचं काम नीट होत नाही आणि गोड खावंसं वाटतं.

एवढं करूनही थकवा जात नसेल तर अंदाज बांधत बसू नका, टेस्ट करा. रक्तातली साखर उपाशीपोटी 100 (mg/dL) च्या खाली नॉर्मल, 100 ते 125 म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसचा उंबरठा, 126 किंवा वर आली तर परत तपासून डॉक्टरांना दाखवा. एचबीएवनसी (HbA1c) या रक्ताच्या टेस्टला उपाशी राहावं लागत नाही, त्यात साधारण तीन महिन्यांचा हिशेब कळतो, 5.7 टक्क्यांच्या खाली नॉर्मल, 6.5 पासून पुढं डायबेटिस. सारखी तहान, रात्री लघवीला उठणं, आपोआप वजन घटणं, जखम न भरणं, यातलं काही असेल तर आजच जा.

डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल आणि साखर 70 च्या खाली गेली तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्या, 15 मिनिटांनी परत तपासा, अजून कमी असेल तर परत घ्या. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, तडक दवाखाना गाठा. आणि अशा माणसानं नवरात्राचे उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नयेत, गोळ्यांचा डोस उपासाच्या दिवसांत बदलावा लागू शकतो.