भिरंडांचं सरबत बिघडतं ते बरणीतच: या चुका टाळा

मे महिन्यात पुरमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी सुरू झाली की गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भिरंडं, म्हणजेच रातांबे किंवा कोकमाची फळं, येतात. पाऊस लागण्याआधी बरणी भरायची म्हणून घाई होते आणि पहिली चूक त्या घाईतच होते: फळं धुतली की लगेच चिरली जातात.

भिरंडं अख्खी धुवावीत, पुसावीत आणि पंख्याखाली पूर्ण कोरडी होऊ द्यावीत. देठाच्या खळगीत पाणी अडून राहतं, तिथे बोट लावून बघा. चिरल्यावर मात्र पाण्याचा थेंबही लावू नये. गडद लाल, दाबल्यावर किंचित नमणारी फळंच घ्यावीत. हिरवट फळांना चीक जास्त, त्यांचं सरबत तुरट लागतं. बिया आणि पांढरा गर काढून टाकावा, कारण गर लवकर आंबतो.

आता साखर. सगळ्यात जास्त बरण्या इथेच फुकट जातात. एक किलो सालींना दोन किलो साखर हे प्रमाण ऐकून अनेकांचा हात आखडतो आणि किलो-दीड किलोवर भागवलं जातं. पण इथे साखर फक्त गोडीसाठी नसते. ती सालीतला रस ओढून घेते आणि रस इतका दाट करते की त्यात आंबवणारे जंतू वाढत नाहीत. साखर कमी पडली की रस पातळ राहतो, चार-पाच दिवसांत वर फेस धरतो आणि आंबूस, दारूसारखा वास येतो. त्यानंतर कितीही साखर ओतली तरी तो वास जात नाही. गोड कमी हवं असेल तर ग्लासात पाणी वाढवा, बरणीतली साखर कमी करू नका. अंदाज म्हणून: दोन किलो फळांतून साधारण एक किलो साली निघतात. साखर घालण्याआधी साली वजन करून घ्याव्यात.

काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत सालींचा एक थर, साखरेचा एक थर, आणि सगळ्यात वर साखरच. बरणी पाऊण भरावी, तोंडाला फडकं बांधावं. दुसऱ्या दिवशी रस सुटतो, साली वर तरंगतात आणि साखर तळाशी पांढरी बसून राहते. रसाबाहेर राहिलेल्या सालींवरच बुरशी धरते. म्हणून रोज दोनदा कोरड्या लाकडी डावाने तळापासून वर ढवळावं. सात-आठ दिवसांत साखर विरघळते, साली आक्रसतात. मग गाळावं. बुरशी दिसली तर वरवरची काढून टाकून भागत नाही, अख्खी बरणी टाकावी लागते. जीव हळहळतो, पण इलाज नाही.

ॲल्युमिनियम, लोखंड, तांबं, पितळ वापरू नये. आंबट रस धातूला लागला की रंग काळपट होतो, चवही बिघडते. टिकावं म्हणून उकळूही नये, उकळल्याने तो सुंदर लाल रंग तपकिरी होतो. गाळलेल्या बाटल्या उन्हापासून दूर, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवाव्यात.

जिरेपूड आणि मीठ बाटलीत घालू नये. जिरं तळाशी बसतं आणि त्याचा ताजा वास जातो. दोन मोठे चमचे अर्काला दीडशे मिली गार पाणी, चिमूटभर मीठ, पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, हे सगळं ग्लासातच मिसळावं.

आगळ, म्हणजे भिरंडांचा मीठ घालून टिकवलेला रस, मात्र वेगळं. त्यात मीठ असतंच. त्याचं सरबत करताना एक मोठा चमचा आगळ, दोन ते अडीच मोठे चमचे साखर आणि ग्लासभर पाणी पुरतं. चव घेतल्याशिवाय वरून मीठ घालू नये.

गाळून उरलेल्या साली टाकू नका. ताटात पसरून दोन-तीन दिवस उन्हात वाळवल्या की आंबटगोड फोडी होतात, मुलं त्या हातोहात संपवतात.